जुन्या सेस्नातील विजेचा दोष: आधी मोजावे, मग उघडावे

चाळीस-पन्नास वर्षांच्या छोट्या विमानात विजेचा दोष उद्भवला की मालकाचा पहिला कल कोणता तरी भाग बदलून टाकण्याकडे असतो. चार्जिंग होत नाही म्हणून अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज देणारा भाग), सेल्फ जड फिरतो म्हणून बॅटरी, अॅमीटरचा काटा नाचतो म्हणून रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग), असे एकामागून एक भाग बदलले जातात, खिसा हलका होतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. माझ्या मते अशा विमानांतील बहुतेक दोष हे भाग एकमेकांना जोडणाऱ्या गोष्टींत असतात: गंजलेला अर्थ (विजेच्या परतीसाठी सांगाड्याशी केलेली जोडणी), आतून झिजलेला स्विच, सैल पडलेला लग (तारेच्या टोकाची धातूची कडी), उष्णतेने कडक झालेली तार. हे दोष डोळ्यांना क्वचितच दिसतात, परंतु मल्टिमीटर योग्य जागी आणि योग्य वेळी लावला तर ते लपू शकत नाहीत. पुढील विवेचन याच पद्धतीचे आहे. उदाहरणासाठी मी १९७४ सालचे सेस्ना १७२एम धरले आहे: १५० अश्वशक्तीचे लायकमिंग इंजिन, १४ व्होल्टची व्यवस्था, ६० अँपिअरचा अल्टरनेटर आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पुढे डाव्या बाजूला बसवलेली १२ व्होल्टची बॅटरी. १९७८ पासूनच्या सेस्ना १७२ मध्ये २८ व्होल्टची व्यवस्था आली. तिथे आकडे दुप्पट धरावेत, पद्धत तीच राहते.

प्रारंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या विमानाच्या इंजिनाला चालू राहण्यासाठी बॅटरीची गरज नसते, कारण ठिणगी मॅग्नेटोंपासून येते आणि मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः निर्माण करतात. अल्टरनेटर बंद पडला म्हणून पंखा (प्रोपेलर) थांबत नाही. स्टॉलची सूचना देणारी शिट्टीही हवेच्या दाबावर वाजते, तिलाही वीज लागत नाही. रेडिओ, ट्रान्सपाँडर, टर्न कोऑर्डिनेटर, इंधनाचे काटे, दिवे आणि फ्लॅप मात्र विजेवर आहेत. म्हणून हवेत असताना दोष शोधत बसू नये. भार कमी करावा, जवळच्या विमानतळावर उतरावे आणि तपास जमिनीवर करावा.

कोणी काय करावे

अमेरिकेत नोंदलेल्या विमानाबाबत एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या नियमावलीचा भाग ४३ ही सीमा आखून देतो. किमान प्रायव्हेट पायलट परवाना असलेला वैमानिक आपल्या खासगी वापराच्या विमानाची बॅटरी बदलू शकतो व तिची देखभाल करू शकतो, स्पार्क प्लग साफ करू किंवा बदलू शकतो, पोझिशन आणि लँडिंग लाइटचे बल्ब बदलू शकतो, आणि लँडिंग लाइटच्या सर्किटमधील तुटलेली जोडणी शोधून दुरुस्त करू शकतो. ही कामे त्याने लॉगबुकात नोंदवून त्याखाली सही करावी लागते. अल्टरनेटर, रेग्युलेटर, कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) किंवा मास्टर स्विच (पूर्ण व्यवस्थेचा मुख्य स्विच) यांची दुरुस्ती परवानाधारक मेकॅनिकने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावी लागते. भारतात नोंदलेल्या विमानाच्या दुरुस्तीवर परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही हवी. तरीही आकडे नीट घेऊन ते मेकॅनिकच्या हाती देणे हे मालकाचे खरे योगदान आहे. ‘चार्जिंग होत नाही’ असे सांगणारा मालक आणि ‘फील्डच्या (अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीच्या) टर्मिनलवर साडेनऊ व्होल्ट मिळतात, बसवर (सर्व उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) मात्र साडेबारा आहेत’ असे सांगणारा मालक यांच्या बिलांत पुष्कळ फरक पडतो.

सुरक्षिततेचा मुद्दा येथे औपचारिकता म्हणून सांगत नाही. मॅग्नेटो बंद करण्याची पद्धत घरातील स्विचच्या अगदी उलट असते: किल्ली ‘ऑफ’ केली की पी-लीड नावाची तार मॅग्नेटोच्या प्राथमिक गुंडाळीला अर्थ करते आणि ठिणगी थांबते. ही तार तुटली किंवा तिचा अर्थ सुटला तर किल्ली खिशात असतानाही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि पंखा हाताने किंचित फिरवला तरी इंजिन उसळी घेऊ शकते. म्हणून पंख्याच्या वर्तुळात हात, पाय किंवा मीटरची तार कधीही असू नये. चाकांना ठोकळे लावावेत, अंगठी आणि धातूचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी भडका उडणार नाही.

वाट ओळखून घेणे

मीटर हाती घेण्यापूर्वी वीज कोणत्या वाटेने जाते हे कागदावर काढावे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सर्किटचे आराखडे सिरियल नंबरनुसार दिलेले असतात आणि एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत तारांची वाट बदललेली असू शकते, त्यामुळे आपल्या विमानाचा सिरियल नंबर ज्या आराखड्यात बसतो तोच घ्यावा. त्याशिवाय मागील पन्नास वर्षांत कोणी तरी रेडिओ बदलला असेल, कोणी यूएसबीचा सॉकेट बसवला असेल. त्या फेरफारांच्या नोंदी लॉगबुकात आणि फॉर्म ३३७ वर (मोठ्या फेरफारांच्या एफएएच्या नोंदपत्रावर) शोधाव्यात, कारण आराखड्यात नसलेली तार समोर आली की भलेभले गोंधळतात.

मूळ वाट सोपी आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड केबल बॅटरी कॉन्टॅक्टरकडे जाते, तिथून एक फाटा सेल्फच्या कॉन्टॅक्टरकडे आणि दुसरा बस बारकडे जातो. बसवरून ब्रेकर (जादा प्रवाह आला की आपोआप उडणारा स्विच), ब्रेकरवरून स्विच, स्विचवरून दिवा किंवा रेडिओ, आणि परतीची वाट विमानाच्या अॅल्युमिनियमच्या अंगातून. येथे एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो: मास्टर स्विचचा बॅटरीचा भाग पॉझिटिव्ह जोडत नाही. कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला कायम जोडलेले असते आणि मास्टर स्विच दुसऱ्या टोकाला अर्थ देतो. त्यामुळे मास्टर बंद असताना कॉन्टॅक्टरच्या छोट्या टर्मिनलवर पूर्ण बॅटरी व्होल्टेज दिसणे हे योग्य आहे आणि मास्टर चालू केल्यावर ते शून्याजवळ यायला हवे. हे ठाऊक नसलेला माणूस नेमका उलटा निष्कर्ष काढतो.

साधने मोजकी पुरतात: बरा डिजिटल मल्टिमीटर, टोकाला क्लिपा असलेल्या चार-पाच मीटर लांब दोन तारा, विजेरी, आरसा आणि वही. वही मी शेवटी लिहिली असली तरी तिचे स्थान पहिले आहे.

मास्टर चालू केला आणि काहीच झाले नाही

प्रथम कानांनी ऐकावे. मास्टर चालू करताना फायरवॉलकडून ‘टक’ असा आवाज आला की नाही, यावरून अर्धा तपास होतो. आवाज आला नाही तर बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. चांगली भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ उतरलेली आहे. बॅटरी चांगली असेल तर वर सांगितलेले छोटे टर्मिनल पाहावे. मास्टर चालू करूनही तिथे १२ व्होल्ट टिकून राहिले तर गुंडाळीला अर्थ मिळत नाही, म्हणजे दोष मास्टर स्विचमध्ये, त्याच्या तारेत किंवा त्याच्या अर्थमध्ये आहे. टर्मिनलवर शून्य आहे, तरीही ‘टक’ नाही, तर त्या टर्मिनलवर मास्टर बंद असताना काय दिसते ते पाहावे. तेव्हाही शून्यच असेल तर गुंडाळी किंवा तिची जोडणी तुटलेली आहे.

आवाज येतो, तरीही पॅनेल मृत, अशा वेळी कॉन्टॅक्टरच्या दोन जाड बोल्टांवर मीटरची दोन टोके लावून लँडिंग लाइट चालू करावा. संपर्क निरोगी असतील तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर आतील तांबे खड्डे पडून जळाले आहे. कॉन्टॅक्टर बदलताना एक सावधगिरी हवी. बॅटरीचा कॉन्टॅक्टर सतत चालण्यासाठी बनवलेला असतो, सेल्फचा काही सेकंदांसाठी, आणि दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. सेल्फचा कॉन्टॅक्टर बॅटरीच्या जागी बसवला तर तो काही वेळातच तापून गुंडाळी जाळतो.

बॅटरी पूर्णच उतरली असेल तर कॉन्टॅक्टर ओढून घेण्याइतकीही शक्ती तिच्यात नसते. ज्या सेस्नांत बाहेरून वीज देण्याचा प्लग आहे, त्यांत त्या प्लगच्या सर्किटमध्ये एक फ्यूज असलेली छोटी वाट असते, तिच्यामुळे बाहेरची वीज येताच कॉन्टॅक्टर मिटतो. तो फ्यूज उडालेला असेल तर बाहेरची गाडी लावूनही बॅटरी चार्ज होत नाही. मात्र उतरलेली बॅटरी अशी धक्क्याने जागी करून लगेच उड्डाण करणे मला मान्य नाही. अल्टरनेटरला पहिली वीज बॅटरीकडूनच लागते आणि तो हवेत बंद पडला तर त्या अर्धमेल्या बॅटरीवर दहा मिनिटांचाही भरवसा ठेवता येणार नाही. ती काढून चार्जरवर लावावी आणि तिची क्षमता तपासून घ्यावी.

मास्टर बंद असताना रात्रभरात बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर मोटारीतील अनुभव येथे फसवतो. मोटारीत अल्टरनेटरचा फुटका डायोड बॅटरी पिऊ शकतो. येथे मास्टर बंद होताच कॉन्टॅक्टर अल्टरनेटरला बॅटरीपासून तोडतो. कॉन्टॅक्टरच्या अलीकडे थेट बॅटरीवर असलेल्या गोष्टी मोजक्या असतात, जसे घड्याळ आणि तेलाच्या दाबावर चालू होणारा तासमापक. निगेटिव्ह केबल काढून मधे मीटर अँपिअरच्या खुणेवर लावावा. काही मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह दिसला तर या मोजक्या गोष्टी एकेक करून सोडवाव्यात. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही मास्टरला हात लावू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो.

सेल्फ जड फिरतो

या दोषावर सर्वाधिक बॅटऱ्या विनाकारण बळी जातात, म्हणून येथे थोडे थांबू. सेल्फ फिरताना सुमारे दोनशे अँपिअर किंवा अधिक प्रवाह वाहतो. वाटेत कुठेही एक शतांश ओहमचा अडथळा असेल तर ओहमच्या नियमाने तिथे दोन व्होल्ट गळून पडतात, म्हणजे बारांपैकी सहावा हिस्सा. मीटर ओहमच्या खुणेवर ठेवून ती केबल तपासली तर शून्य दिसेल, कारण एक शतांश ओहम साध्या मीटरला दिसत नाही आणि तो तपासासाठी पाठवत असलेला प्रवाहही नगण्य असतो. आतील दहापैकी नऊ धागे तुटलेली केबल ओहममीटरवर उत्तीर्ण होते आणि सेल्फ मारताना नापास होते. म्हणून अशी वाट नेहमी भाराखाली, व्होल्टच्या खुणेवर तपासावी.

सेस्नाच्या किल्लीत ‘स्टार्ट’वर मॅग्नेटोही चालू असतात, हे ध्यानात ठेवून प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढून ठेवावा, म्हणजे दाब तयार होणार नाही आणि इंजिन सुरू होणार नाही. मिक्श्चरची (इंधन-हवेच्या मिश्रणाची) कळ पूर्ण मागे ओढावी, इंधन बंद करावे. मीटरच्या लांब तारा आधी जागेवर क्लिपांनी पक्क्या कराव्यात, पंख्यापासून दूर ठेवून दरवाजातून आत घ्याव्यात आणि मीटर केबिनमध्ये बसलेल्या माणसाने वाचावा. पंखा फिरत असताना पुढे कोणीही उभे राहू नये.

पहिले मोजमाप बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर घ्यावे. सेल्फ मारताना येथे व्होल्टेज नऊच्या खाली कोसळले तर बॅटरी संशयित आहे. ते दहाच्या आसपास टिकले आणि सेल्फ तरीही रडतो आहे, तर वाटेचा तपास करावा. दुसरे मोजमाप बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत आणि तिसरे बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिनाच्या अंगापर्यंत घ्यावे. मीटरचे टोक केबलच्या लगवर न लावता बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर लावावे, नाहीतर त्या दोहोंमधला सांधाच मोजमापातून सुटतो. एफएएच्या ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत १४ व्होल्टच्या व्यवस्थेत सतत चालणाऱ्या भारासाठी अर्धा व्होल्ट आणि थोडा वेळ चालणाऱ्या भारासाठी एक व्होल्ट एवढी घट मान्य केली आहे. २८ व्होल्टसाठी हे आकडे एक आणि दोन आहेत. प्लग काढल्यामुळे सेल्फवरील भार हलका झालेला असतो, म्हणून या चाचणीत अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट दिसली तरी मी ती बाजू दोषी धरतो. मग मीटरचे एक टोक जागेवर ठेवून दुसरे एकेक सांधा पुढे सरकवत न्यावे. ज्या सांध्यावर आकडा एकदम उडी घेतो, तोच आपला चोर.

निगेटिव्ह बाजू तपासायला लोक विसरतात आणि जुन्या विमानात चोर बहुधा तिथेच असतो. इंजिन रबराच्या बुशांवर बसवलेले असल्यामुळे त्याचा सांगाड्याशी विजेचा संबंध विणलेल्या तांब्याच्या एका पट्टीतून येतो. ही पट्टी तेलाने भिजते, टोकाशी तुटत जाते, किंवा कोणी इंजिन काढून बसवताना ती रंगावरच कसून टाकतो. मग दोनशे अँपिअर दुसरी वाट शोधतात आणि ती वाट म्हणजे थ्रॉटल व मिक्श्चरच्या केबली. सेल्फ मारल्यावर मिक्श्चरची केबल हाताला गरम लागली तर आणखी काही तपासण्याआधी ती पट्टी पाहावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा लग कसण्यापूर्वी रंग व ऑक्साइड घासून धातू उजळवावा लागतो. जुहूसारख्या, समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या विमानतळावर उभ्या राहणाऱ्या विमानात तर हे सांधे खाऱ्या हवेने आणखी लवकर पांढरे पडतात. पायपर चेरोकीच्या मालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी: त्या काळी पायपरने बॅटरीच्या लांब केबली अॅल्युमिनियमच्या वापरल्या होत्या आणि त्यांची टोके आतून कुजतात. त्यांच्या जागी तांब्याच्या केबली बसवण्याचे मंजूर संच मिळतात.

सेल्फच्या कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटले तर उलट विपत्ती येते. इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ वीज ओढत राहतो. किल्ली सोडल्यावरही अॅमीटर असामान्य आकडा दाखवत असेल किंवा पुढून चरचर ऐकू येत असेल तर इंजिन आणि मास्टर दोन्ही ताबडतोब बंद करावीत.

चार्जिंगचा तपास

साठच्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या विमानांत अल्टरनेटरच्या जागी डायनमो असतो. तो मंद गतीवर चार्ज करत नाही, म्हणून विमान जमिनीवर चालवताना (टॅक्सी करताना) काटा उणे दिसणे हा दोष समजू नये. डायनमोवर काम झाल्यावर त्याला पुन्हा ध्रुवता द्यावी लागते आणि त्याच्या रेग्युलेटरमधील कट-आउटचे संपर्क चिकटले तर बॅटरीच डायनमोला फिरवू पाहते. याहून अधिक लिहीत नाही, कारण आज उडणाऱ्या बहुतेक विमानांत अल्टरनेटर आलेला आहे.

अल्टरनेटर डायनमोसारखा स्वतःहून जागा होईल अशी खात्री नसते. त्याच्या फिरत्या गुंडाळीला, म्हणजे फील्डला, बसवरून दोन-तीन अँपिअर मिळाले की तो वीज देऊ लागतो. ही फील्डची वाट बसवरून ब्रेकरकडे, तिथून मास्टर स्विचच्या अल्टरनेटर असे लिहिलेल्या अर्ध्या भागाकडे, मग ओव्हरव्होल्टेज सेन्सर, रेग्युलेटर आणि शेवटी अल्टरनेटरच्या फील्ड टर्मिनलपर्यंत जाते. ‘अल्टरनेटर गेला’ अशा तक्रारींत या लांबलचक वाटेवरचे एखादे दुबळे स्थानच अनेकदा कारणीभूत असते.

पहिली चाचणी पाना न उचलता होते. इंजिन बंद ठेवून मास्टरचा फक्त बॅटरीचा भाग चालू करावा, अॅमीटर पाहावा आणि मग अल्टरनेटरचा भाग चालू करावा. काटा किंचित, दोन-तीन अँपिअर इतका, आणखी उणेकडे सरकला तर फील्डमध्ये प्रवाह जातो आहे. बॅटरीचा प्रवाह दाखवणारा, मध्ये शून्य असलेला अॅमीटर सेस्नात असतो. चेरोकीतील लोडमीटर केवळ अल्टरनेटरचे उत्पादन दाखवतो, तेथे ही युक्ती चालत नाही.

काटा हललाच नाही तर इंजिन बंद ठेवून, दोन्ही भाग चालू करून फील्ड टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. बसवर १२.३ आणि फील्डवर ११.५ च्या आसपास आकडा मिळाला तर वाट मोकळी आहे आणि संशय अल्टरनेटरच्या झिजलेल्या कार्बन ब्रशांकडे जातो. फील्डवर शून्य असेल तर मागे सरकत यावे: रेग्युलेटरच्या आत जाणारी तार, सेन्सर, स्विच, ब्रेकर. जिथे व्होल्टेज पुन्हा भेटते, त्याच्या पुढचा सांधा किंवा भाग दोषी. फील्डला वीज आणि प्रवाह दोन्ही मिळत आहेत, तरीही इंजिन चालू असताना उत्पादन नाही, अशा वेळी पट्टा सैल आहे का, उत्पादनाची जाड तार आणि तिचा ब्रेकर शाबूत आहेत का, हे पाहून मग अल्टरनेटर उतरवण्याचा विचार करावा. तो दिसायला फोर्ड मोटारीच्या अल्टरनेटरचा भाऊ असला तरी मोटारीच्या दुकानातील भाग विमानात बसवता येत नाही. हा मोह अनेकांना होतो.

आता नाचणाऱ्या काट्याकडे येऊ. अॅमीटर श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो, दिवे मंद-प्रखर होतात, आणि मालक दोन रेग्युलेटर बदलून थकलेला असतो. कारण समजले की दोष सहज सापडतो. या व्यवस्थेत रेग्युलेटर ज्या तारेतून फील्डसाठी वीज घेतो, त्याच तारेवरून बसचे व्होल्टेजही वाचतो. त्या वाटेत जुना स्विच किंवा काळवंडलेला लग असेल तर फील्डचा प्रवाह वाढताच तिथे व्होल्टेज गळते, रेग्युलेटरला बस दुबळी भासते आणि तो फील्ड आणखी वाढवतो. पुढे तो फील्ड कमी करतो तेव्हा ती गळती नाहीशी होते, व्होल्टेज त्याला एकदम चढलेले दिसते आणि तो हात आखडता घेतो. हे चक्र चालूच राहते. बसवरील खरे व्होल्टेज मर्यादेच्या वर जाऊन कधी कधी ओव्हरव्होल्टेज सेन्सरही उगाच अल्टरनेटर तोडतो. चाचणी अशी: मास्टरचे दोन्ही भाग चालू, इंजिन बंद, मीटरचे एक टोक बस बारवर आणि दुसरे रेग्युलेटरच्या आत जाणाऱ्या टर्मिनलवर. येथे दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर मधला एकेक सांधा मोजावा. पन्नास वर्षे दिवसातून अनेकदा दाबलेला मास्टर स्विच या यादीत माझ्या दृष्टीने पहिला येतो, त्यानंतर ब्रेकर. रेग्युलेटरच्या पेटीचा स्वतःचा अर्थही याच वेळी तपासावा.

इंजिन चालू असताना बसवर १३.८ ते १४.२ व्होल्ट हवेत. १५ च्या वर बॅटरी उकळते. सुमारे १६ व्होल्टला सेन्सर फील्ड तोडतो आणि पॅनेलवर लाल दिवा लागतो. अशा वेळी मास्टरचे दोन्ही भाग बंद करून पुन्हा चालू करावेत. दिवा गेला तर क्षणिक उसळी होती असे धरून चालावे, पुन्हा लागला तर अल्टरनेटरचा भाग बंद ठेवून उतरावे. पूर्ण भरलेली २५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी वीस अँपिअरच्या भारावर कागदोपत्री सव्वा तास टिकते. जुन्या बॅटरीचा हिशोब मी अर्ध्या तासाचाही धरत नाही. ‘४५०९’ क्रमांकाचा लँडिंग लाइट एकटा १०० वॅट, म्हणजे साडेसात अँपिअरहून अधिक घेतो, तो आधी बंद करावा. फ्लॅपशिवाय उतरण्याची मनाची तयारीही तेव्हाच ठेवावी.

हेडफोनमध्ये इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना केबिनमधूनच बसवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक एसी दिसले तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेल्याचा दाट संशय घ्यावा. शिट्टी केवळ नव्या एलईडी दिव्याबरोबर सुरू-बंद होत असेल तर तो वेगळाच मामला आहे.

ब्रेकर, वास आणि धूर

ब्रेकर उडणे म्हणजे तारेने मदतीसाठी मारलेली हाक आहे. ब्रेकर उपकरणापेक्षा तारेला आग लागू नये यासाठी असतो. हवेत तो पुन्हा दाबू नये. सुरक्षित उतरण्यासाठी ते उपकरण अत्यावश्यकच असेल आणि वास किंवा धूर नसेल तर एकदा, थोडा वेळ थांबून दाबावा, दुसऱ्यांदा कधीही नाही. २००७ च्या जुलैत फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे सेस्ना ३१० आर जातीचे विमान कोसळून विमानातील दोघे आणि जमिनीवरील तिघे मरण पावले. आदल्या उड्डाणात हवामान रडारजवळून जळका वास आला होता, वैमानिकाने ब्रेकर ओढून तशी नोंदही केली होती, परंतु दोष दुरुस्त न होताच विमान पुन्हा उडवले गेले. वास आलेला असताना कारण सापडेपर्यंत विमान जमिनीवर ठेवणे, एवढाच याचा व्यवहारातील अर्थ.

जमिनीवर तपास करताना त्या ब्रेकरवरील सर्व भार सोडवून तार एकटी ठेवावी. तरीही ब्रेकर उडत असेल किंवा तार अर्थला ओहममीटरवर भेटत असेल तर तिची वाट हाताने चाचपावी: फायरवॉलचे भोक, जिथे रबरी ग्रोमेट गळून गेला आहे, पॅनेलमागे कंट्रोल योकची दांडी जिथे पुढे-मागे सरकते, सीटच्या रुळांखाली. त्या काळातील तारांवरील पीव्हीसी आवरण जळताना विषारी धूर सोडते, म्हणून नवी तार विमानासाठीच्या टेफझेल आवरणाची, कलई केलेल्या तांब्याची आणि ब्रेकरला साजेशा जाडीची असावी. क्रिंप योग्य पकडीने करावे, घरगुती प्लायरने दाबलेला लग हा पुढच्या दोषाची पेरणी असते.

इंधनाचा काटा भलताच आकडा दाखवत असेल किंवा एक नॅव्हिगेशन लाइट दुसऱ्यापेक्षा मंद असेल तर प्रथम त्या भागाचा अर्थ तपासावा, बहुधा तिथेच काम संपते.

कधी होतो, कधी होत नाही

मधूनच येणारा दोष हँगरमध्ये उभ्या विमानात सापडत नाही, कारण उष्णता आणि कंप या त्याच्या दोन्ही साथीदारांचा तिथे अभाव असतो. बाहेरचे तापमान, इंजिन किती वेळ चालले होते, कोणते स्विच चालू होते, खडबडीत टॅक्सीवेवर दोष आला की चढताना, हे सारे वहीत लिहावे. इंजिन गरम झाल्यावरच चार्जिंग जात असेल तर उतरताच, थंड होण्याआधी, फील्डवरील आकडा घ्यावा. तार चाचपताना ती ओढू नये, जुडी हलकेच हलवावी आणि मीटर किंवा दिव्याकडे पाहत राहावे.

याच सदरात पी-लीड येते, कारण तिचा दोषही कधी कधीच उगवतो. १७०० आरपीएमवर (मिनिटाला १७०० फेऱ्यांवर) किल्लीने एकेक मॅग्नेटो बंद करून तपासताना गतीतील घट १२५ पेक्षा अधिक नसावी आणि दोहोंतील फरक ५० पेक्षा अधिक नसावा, हे सर्वांना पाठ असते. परंतु किल्ली एका मॅग्नेटोवर नेल्यावर घट मुळीच आली नाही, तर ती आनंदाची गोष्ट मानू नये, दुसऱ्या मॅग्नेटोचा अर्थ तुटला असण्याची शक्यता आहे. काही बेंडिक्स किल्ल्यांत ‘ऑफ’वरही मॅग्नेटो जिवंत राहत असल्याने एफएएने १९७६ सालीच त्यांच्या नियमित तपासणीचा आदेश काढला. इंजिन बंद करण्यापूर्वी मंद गतीवर किल्ली क्षणभर ‘ऑफ’ करून परत आणावी. इंजिनाने दम टाकला तर अर्थ शाबूत आहे, न टाकल्यास पंख्यावर ‘हात लावू नये’ अशी पाटी बांधून मेकॅनिकला बोलवावे.

दुरुस्तीनंतर इंजिन चालवून चार आकडे घ्यावेत: मंद गतीवर आणि १७०० आरपीएमवर, सर्व भार बंद व सर्व भार चालू असताना बसचे व्होल्टेज. सेल्फ मारतानाची पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह बाजूंची घटही, शक्य झाल्यास, त्याच अवस्थेत पुन्हा मोजावी. हे सर्व तारखेसह वहीत आणि दुरुस्तीची नोंद लॉगबुकात करावी, म्हणजे पुढील वार्षिक तपासणीच्या वेळी मेकॅनिकला तुलना करायला त्याच विमानाचे निरोगी आकडे हाताशी राहतील.